तिसरा रकाना

धडगावच्या बाजारामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
मी आमचूर लिहितो.
म्हणजे हिशोब लिहितो, पण चार वर्षांत
वहीची पानंही आंबट झालीत.
बोट ओलं करून पान उलटलं
की दात आंबतात.

ठुणकीबाई मालकीण.
तिच्या बोटांना अजून भेगा आहेत:
कैरीचा चीक, शिंपल्याची धार,
आणि पंचवीस उन्हाळे खडकावर वाळवलेल्या फोडी
ज्या नंदुरबारचा व्यापारी मुठीत घेऊन म्हणायचा,
काळी आहे. निम्मा भाव.
हे सांगताना ती आजही पोत्यातून दोन फोडी काढते
आणि उजेडाला धरते,
तो समोर उभा असल्यासारखी.

आता चक्की तिची, चाळणी तिची,
पाकिटावरचा आंबा तिच्या नातीनं काढलेला,
थोडा वांग्यासारखा दिसतो.
तरी सुरतेपर्यंत जातो.

वहीत मी तीन रकाने आखले होते.
आवक. जावक.
तिसऱ्यावर लिहिलं: दानधर्म.
कारण किलोमागे तीन रुपये ती बाजूला काढते,
मजुरी दिल्यावर, नफा धरायच्या आधी,
आणि कॉलेजात मला हाच शब्द मिळाला होता.

तिला वाचता येत नाही.
काय लिहिलंस, म्हणाली. मी वाचून दाखवलं.
बराच वेळ चाळणी झटकत राहिली.
मग म्हणाली, दान म्हणजे ते ना,
जे देणारा ओट्यावर उभा राहून देतो?
माझ्या बापाचं घर बांधलं तेव्हा
अख्खा पाडा आला होता कुऱ्हाडी घेऊन.
संध्याकाळी जेवले, आपापल्या घरी गेले.
कोणी पावती फाडली का?
त्याला काय म्हणतात, पावऱ्याच्या पोरा,
तुला ठाऊक आहे. लिही.

मी दानधर्म खोडलं.
लाह लिहिलं.
दोनच अक्षरं. रकाना उगाच रुंद दिसायला लागला.

तीन उन्हाळे साठले तेव्हा जीप आली,
तीही जुनी, शहाद्याहून,
मागचं दार दोरीनं बांधलेलं.
तोवर उमरीपाड्याची बाळंतीण
बांबूच्या झोळीतून डोंगर उतरायची,
खांदे बदलत, कंदील पुढे धरून.
पेंटरनं विचारलं, नाव कोणाचं टाकू? सौजन्य कोणाचं?
ठुणकीबाई म्हणाली, वाट द्या.
त्याला वाटलं, बाजूला हो म्हणतेय. सरकला बिचारा.
काचेवर पिवळ्या अक्षरांत तेवढंच आहे:
वाट द्या.

गेल्या वैशाखात अवकाळी आला. तीन रात्री.
फोडींना बुरशी चढली,
या वेळी खरोखरच काळ्या.
व्यापारी फोनवर हसला,
हाई काय धरमशाळा शे का, बाई?
आधी सोतानं पोट दख.
मीही मनात हेच म्हटलं होतं,
फक्त जरा शुद्ध भाषेत.

तिसऱ्या रकान्यात शून्य मांडलं.
तिनं त्यावर भेगाळ बोट ठेवलं.
शून्य पुस. मोकळं ठेव.
शून्य म्हणजे संपलं रे,
मोकळं म्हणजे यायचंय.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला, वेस्तीला, कळा लागल्या.
रात्री दीडला जीप वर आली, पहाटे खाली पोचली.
मुलगी झाली. डोळे वेस्तीचे, रडणं आमच्या आजीचं.
डिझेल कोणी भरलं?
सिपा ड्रायव्हर म्हणाला, भरलेलं होतं.
पंपावर विचारलं. ते म्हणाले, कोणीतरी भरलं.
वहीत नोंद नाही.
मी हिशोबाचा माणूस,
अशी गोष्ट मला झोपू देत नाही.

अजूनही कधी कधी शेड बंद करताना
ती जुनी वही काढतो,
त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवतो
आणि जिभेला लावून बघतो.

आंबट.